भीष्माची उशी

(आषाढी वारी, फलटण मुक्काम. रात्रीच्या कीर्तनसेवेतून)



बसा माउली, बसा. पुढच्यांनी थोडं सरकून घ्या, मागं माणसं उभी आहेत. तरडगावाहून चालत आलात, पाय बोलतायत, डोळ्यांवर झोप आहे. मी फार लांबवणार नाही. असं प्रत्येक कीर्तनकार सुरुवातीला म्हणतोच, ते सोडा.

आज दुपारी विसाव्याला एक गोष्ट पाहिली. आपल्याच दिंडीतली एक म्हातारी माउली, टाचेला हा एवढा फोड. आरोग्य पथकाच्या गाडीपाशी येऊन टेकली. गाडीतली सिस्टर खाली उतरली, धुळीत मांडी घालून बसली आणि म्हातारीचा पाय तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला. म्हातारी संकोचली. म्हणाली, "अगं पोरी, पायाला हात नको लावू, पाप लागंल मला." सिस्टर हसली. म्हणाली, "आजी, तुमचं पुण्य मोठं आहे, त्यात एवढं पाप खपून जाईल."

विठ्ठल विठ्ठल!

तेव्हाच ठरवलं, आजची सेवा या पोरींच्या पायाशी. कारण पंढरीच्या वाटेवर आपण लाखोंनी चालतो, टाळ-मृदंग सोबत असतो. पण आणखी एक वाट आहे. तिच्यावर दिंडी नाही, पताका नाही, ज्याचं त्यानं एकट्यानं जायचं. त्या वाटेच्या तोंडाशी, आपण निघताना, हात धरून बसलेली बहुतेक वेळा हीच पोर असते. पूर्वी माणूस घरात जायचा, माजघरात, आपल्या माणसांत. आता पुष्कळ जण दवाखान्याच्या खाटेवरून जातात. उशाशी आपण असूच असं नाही. सिस्टर असते.

आता मूळ विषयाकडे येऊ. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, अंतकाळी माझं स्मरण करत जो देह ठेवतो, तो माझ्यातच येतो, यात संशय नाही. पुढं असंही सांगतात, की माणूस ज्या भावात जन्मभर मुरलेला असतो, तोच भाव शेवटी वर येतो. म्हणून अर्जुना, सगळ्या काळी माझं स्मरण ठेव आणि लढ. माउलींनी ज्ञानेश्वरीत हा भाग किती हळुवार उलगडला आहे, ते तुम्ही पारायणात वाचलं आहे.

यावर आम्ही कीर्तनकार काय सांगतो? आतापासून नाम घ्या, म्हणजे शेवटी नाम येईल. मी तीस वर्षं हेच सांगत आलो. हे खोटं नाही. पण मंडळी, हे अर्धं आहे.

उरलेलं अर्धं सांगतो. कधी दाढ दुखली आहे का तुमची? रात्री दाढ ठणकत असताना हरिपाठ म्हणून पाहिलाय? तोंड म्हणतं हरी, आणि चित्त दाढेत. एका दाढेनं ही गत होते. मग ज्याच्या हाडात कर्करोग उतरलाय, ज्याला श्वास पुरत नाही, घशाला कोरड पडलीय, पाठीला जखम झालीय, त्याच्या चित्तानं कुठं जायचं? नाम त्याच्याजवळ आहे हो. जन्मभर साठवलेलं आहे. पण त्या साठ्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. तो हात पोचवायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.

महाभारतात याचा दृष्टांत आहे. नीट ऐका.

युद्धाचा दहावा दिवस. पितामह भीष्म पडले. अंगात इतके बाण, की देह जमिनीला टेकला नाही, बाणांवरच तोलून राहिला. पण मान? मानेखाली बाण नव्हता. डोकं खाली लोंबायला लागलं. पितामह म्हणाले, मला उशी द्या.

झालं, राजेलोक धावले. कुणी रेशमाची आणली, कुणी मऊ मऊ पिसांची. प्रेमानंच आणली, बरं का. त्यांच्या मनात खोट नव्हती. भीष्म हसले आणि म्हणाले, राजांनो, या उशा वीराच्या या शय्येला शोभणाऱ्या नाहीत. आणि त्यांनी अर्जुनाकडे पाहिलं. बाळा, तूच दे. अर्जुनाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं गांडीव उचललं आणि तीन बाण असे मारले, की त्यांचा आधार होऊन पितामहांची मान वर उचलली गेली. भीष्म संतोषले.

मग तहान लागली. राजांनी थंडगार पाण्याचे घडे आणले, खायचे पदार्थ आणले. भीष्मांनी तेही घेतलं नाही. पुन्हा अर्जुन. त्यानं जमिनीत बाण मारला, पाण्याची धार वर आली आणि पितामह तृप्त झाले.

आता सांगा, रेशमाची उशी वाईट होती का? नव्हती. पण ती आणणाऱ्याला आवडणारी होती. ज्याच्या मानेखाली ठेवायची, त्याला काय हवंय हे एकट्या अर्जुनानं ओळखलं. मंडळी, मरणाऱ्या माणसाची सेवा म्हणजे एवढंच आहे. ज्याची त्याला उशी. आपल्या आवडीची नव्हे, त्याच्या गरजेची. मान सावरली, तहान भागली, आणि मग त्याच शय्येवरून पितामहांनी धर्मराजाला धर्म सांगितला, भगवंताची स्तुती केली आणि उत्तरायणात, श्रीकृष्ण समोर असताना देह ठेवला. आधी उशी, आधी पाणी. मग स्तुती. हा क्रम ध्यानात ठेवा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

हा क्रम मला ठाऊक होता. कीर्तनात शेकडो वेळा सांगितलेला. आणि माझ्या स्वतःच्या आईच्या वेळी मी रेशमाची उशी घेऊन धावणाऱ्या राजांत होतो. आज ते तुमच्यापुढं कबूल करायचं आहे.

आई माळकरी. लग्न होऊन आली त्या वर्षी माळ घातली, ती साठ वर्षं गळ्यात. दरवर्षी वारी. शेवटी दुखणं आलं, मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात ठेवलं. तीसेक खाटांचा वॉर्ड, रात्री दोन सिस्टर. तपासणीला नेताना अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या, जोडवी आणि माळ. मी एका पिशवीत घालून पिशवी माझ्या झोळीत ठेवली. आणि विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून आईनं खाणं-पिणं सोडलं. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटायची. डॉक्टर म्हणाले, या आजारात भूक जातेच, जबरदस्ती करू नका. ते खरंही होतं. मी काय केलं? मी महाराज ना! तीर्थाची बाटली काढली, कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं नाम सुरू केलं. "आई, विठ्ठल म्हण. आई, तीर्थ घे." आईनं मान फिरवली. पुन्हा केलं, पुन्हा फिरवली.

माझ्या पोटात खड्डा पडला. साठ वर्षं वारी केलेली माझी आई शेवटाला तीर्थ नाकारते? लोक काय म्हणतील? बघा, तेव्हाही मनात लोकच होते.

रात्रपाळीला एक केरळची सिस्टर होती. मराठी तोडकंमोडकं, पण बोलायची गोड. तिच्याही गळ्यात एक बारीक साखळी, तिला क्रूस. ती दर दोन तासांनी येऊन आईला कुशीवर वळवायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. वळवताना तिला दिसलं, आजींचा हात सारखा गळ्याशी जातो. चाचपतो, परत येतो. मी तीन दिवस उशाशी बसलेलो, मला दिसलं नव्हतं. कारण मी बोलत होतो, ती बघत होती.

तिनं आईला विचारलं. मी चहाला गेलो होतो तेव्हा. आणि मी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "महाराज, आजींना पाणी नको असं नाही. माळ पाहिजे. माळ नाही तर पाणी कसं घेणार, म्हणतात."

मंडळी, तुम्ही माळकरी आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत आपल्यातली जुनी माणसं पाण्याचा थेंब घेत नाहीत. आई व्रत पाळत होती. जिला मी नाम सोडलेली समजलो, ती मरणाच्या दारात नेम सांभाळत होती. आणि माळ होती कुठं? माझ्या झोळीत. माझ्याच पायाशी.

मी सिस्टरला विचारलं, "मला का नाही सांगितलं आईनं?" ती बिचारी आधी बोलेना. मग म्हणाली, "आजी म्हणाल्या, तो आला की सांगायलाच लागतो, ऐकत नाही."

हसा, हसा. मी तेव्हा रडलो होतो, आता तुम्ही हसा.

आईच्या गळ्याशी नळी होती, म्हणून सिस्टरनं डॉक्टरांना विचारून माळ मनगटाला बांधली. दोन वेढे दिले, सैल, रक्त अडकू नये असे. आईनं मण्यांवरून बोट फिरवलं. आणि मग ओठ उघडले. दोन चमचे पाणी घेतलं. तीर्थ नव्हे हो, वॉर्डातल्या जगातलं साधं पाणी. माझ्यासाठी ती चंद्रभागा होती.

विठ्ठल विठ्ठल!

पुढचं ऐका. तिसऱ्या दिवशी एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. आईला बरं वाटत होतं, मी गेलो. विषय कोणता घेतला असेल? अंतकाळ! इकडे मी माणसांना अंतकाळ समजावत होतो आणि तिकडे पहाटे चारच्या सुमारास आई गेली. उशाशी सिस्टर. मी पोचल्यावर पहिला प्रश्न काय केला? "आईनं नाम घेतलं का?"

ती खोटं बोलू शकली असती. माझं समाधान झालं असतं. पण ती म्हणाली, "नाही महाराज. काही बोलल्या नाहीत. बोट मण्यावर फिरत होतं. मी हात धरला होता. मला येतं तेवढं मीच म्हटलं, विठ्ठल विठ्ठल."

क्रूस गळ्यात असलेल्या त्या लेकीनं आपला देव सोडला नाही, माझ्या आईला तिच्या देवापासून ओढलं नाही. आईच्या देवाचं नाव आईच्या कानाशी ठेवलं, बस. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

त्या दवाखान्यात मी नंतर पुष्कळ वेळा गेलो. या सिस्टर लोकांकडून शिकलो. त्या सांगतात, शेवटाला आलेल्या माणसाची भूक वेगळीच असते. कुणाला क्षमा मागायची असते. कुणाला विचारायचं असतं, माझ्या जगण्याचा काही उपयोग झाला का? कुणी भीतीनं विचारतं, मी एकटा जाणार का? कुणाला आपल्या देवाचं काही हवं असतं. मुसलमान बांधव असेल तर घरचे त्याचं तोंड किब्ल्याकडे करू पाहतात, कलमा म्हणतात. ख्रिस्ती माणसाला फादर हवे असतात. बौद्ध घरातले त्रिशरण-पंचशील म्हणतात, जैन घरात नवकार सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या वॉर्डातली चांगली सिस्टर हे सगळं जाणते आणि खाट वळवायला जागा करून देते.

आणि ज्याला देवच नको, त्याचं? आईच्या शेजारच्या खाटेवर एक शेतकरी होते. देवाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचे. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "पाऊस झाला का?" सिस्टरनं त्यांच्या मुलाला निरोप धाडला. मुलगा आला, त्यानं मोबाइलवर पेरणी झालेल्या रानाचा फोटो दाखवला. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "झाली म्हणायची." त्या रात्री त्याला शांत झोप लागली. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देव मळ्यात आला असं आपण सांगतो ना? मग या म्हाताऱ्याच्या रानात तो नव्हता असं कसं म्हणू?

इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. आधी परिचारिका होत्या, पुढं डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसाची वेदना नुसती देहाची नसते, ती मनाची असते, घरादाराच्या काळजीची असते आणि आत्म्याचीही असते, चारी मिळून एकच वेदना, असं त्यांनी सांगितलं. 1967 साली लंडनला त्यांनी अशा माणसांसाठी शुश्रूषागृह उघडलं. आपल्याकडं मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झालं, असं काम करणारं देशातलं पहिलं घर. केरळात तर गावोगावचे साधे लोक शिकून घेतात आणि सिस्टरबरोबर घरोघरी जाऊन अशा माणसांची सेवा करतात. बरं होणार नाही म्हणजे करण्यासारखं काही उरलं नाही, असं या लोकांनी मानलं नाही.

आता तुमच्यासाठी. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात ही वेळ येणार आहे. शाप नव्हे, खरं आहे. तेव्हा काय करायचं ते गाठीला बांधून घ्या.

पहिलं, सांगण्याआधी बघा आणि विचारा. हात कुठं जातो, डोळे कुणाला शोधतात. "काय हवंय?" विचारलं की गप्प बसा. गप्प बसणं अवघड असतं, मला विचारा.

दुसरं, वेदना म्हणजे प्रारब्धाचा भोग आहे, भोगू द्या, असं म्हणून औषध अडवू नका. दुखणं फार असेल तर डॉक्टर मॉर्फिन देतात. घरचे घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. अहो, वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मापात दिलेलं ते औषध आहे, व्यसन नव्हे. नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखात रिकामी केली. भोग आहे, भोगू दे, असं म्हणाले का ते?

तिसरं, तीर्थ आणि तुळस. आपली श्रद्धा आहे, असावी. पण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पळीभर पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जातं, ठसका लागतो, जीव घुसमटतो. सिस्टरला विचारा. ती कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करते, तसंच तीर्थानं करा. तुळशीचं पान ओठांना लावा. देव पळी मोजत नाही.

चौथं, शुद्ध हरपली म्हणून उशाशी वाटण्या बोलू नका. ऐकू येत असेल असंच धरून चाला. 2020 साली कॅनडातल्या अभ्यासकांनी शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या माणसांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या, तेव्हा काहींचा मेंदू आवाजाला साद देत होता. म्हणून नाम घ्यायचं तर हळू घ्या, त्याच्या श्वासाच्या लयीत. स्पर्धेला बसल्यासारखं नको.

पाचवं, भाऊबंदकी असेल तर खाटेपाशी मिटवा. "आलो रे दादा" हे दोन शब्द कधी कधी सगळ्या पोथीला भारी पडतात.

आणि शेवटचं मागणं या सिस्टर पोरींसाठी. आपण स्मशानातून आलो की अंघोळ करतो, तेरा दिवस सुतक धरतो, चार माणसं भेटायला येतात. ती काय करते? गेलेल्या माणसाचे डोळे मिटते, अंग पुसते, चादर नीट करते, हात धुते आणि पुढच्या खाटेकडे जाते. तिला सुतक धरायलाही वेळ नाही. एखाद्या रात्री कोपऱ्यातल्या खोलीत रडून घेते, तोंड धुते, पुन्हा येते. आणि बिल जास्त झालं, डॉक्टर उशिरा आले, की आपण ओरडतो कुणावर? तिच्यावर.

आपल्या महाराष्ट्राची माती वेगळी आहे. 1897 सालच्या प्लेगात, लोक आपल्या माणसांना टाकून पळत होते तेव्हा, सावित्रीबाईंनी आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या दवाखान्यात पोचवलं. तोच प्लेग त्यांना झाला, 10 मार्चला त्या गेल्या. ही त्या वाटेवरच्या लेकींची आई. आणि आपला देव तरी विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, म्हणाला, देवा, थांब, सेवा पुरी होऊ दे. देव थांबला. अठ्ठावीस युगं थांबलाय. याचा अर्थ मला आईच्या खाटेपाशी कळला. आजाऱ्याच्या पायाशी कुणी बसलं असेल, तर देव तिथं घाई करत नाही. बाहेर उभा राहतो.

वारीहून परत गेलात, की गावाजवळच्या दवाखान्यात एकदा जा. पंढरीचा प्रसाद घेऊन जा. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातावर ठेवा आणि एवढंच विचारा, "ताई, जेवलात का?"

आईची माळ आईबरोबरच गेली, मनगटावर. मी सोडवली नाही. तिच्या गाठी त्या लेकीनं मारल्या होत्या, त्या सोडवायचा मला अधिकार नव्हता.

रामकृष्णहरी. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!